पाच वाजून सतरा मिनिटांनी

मी पळायला लागले तेव्हा बेचाळीस वर्षांची होते. ऑफिसच्या आरोग्य तपासणीत साखर काठावर निघाली, डॉक्टर म्हणाले चाला, म्हणून चालायला लागले. सहा महिन्यांनी एका सकाळी विश्रांतवाडीच्या चौकापासून पुढच्या सिग्नलपर्यंत पळून बघितलं. धाप लागली, पोटात कळ आली, आणि घरी आल्यावर दिवसभर मी कुणाला काही न सांगता खूश होते. नवरा म्हणाला, "पगारवाढ झाली का?" मी नाही म्हटलं आणि भाकऱ्या थापत राहिले.

त्यानंतर दोन वर्षांत दहा किलोमीटर झाले, एकवीस झाले. तिसऱ्या वर्षी डिसेंबरातल्या बेचाळीस किलोमीटरच्या शर्यतीत नाव नोंदवलं. आमचा पळणाऱ्यांचा एक छोटा गट होता. त्याला शिकवणारे सर सैन्यातून निवृत्त झालेले. त्यांनी सोळा आठवड्यांचा तक्ता करून दिला, तो मी फ्रिजवर लावला. रविवारी सगळ्यांबरोबर लांब पल्ला, मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी ज्याचं त्यानं. माझं पळणं पहाटेच. पावणेपाचला उठायचं, पाचला दाराबाहेर पडायचं, सव्वासहाला परत, मग डबे, मुलाचं कॉलेज आणि नऊ चाळीसला ऑफिस.

माझी आई आमच्याकडेच असते. तिनं शनिवार पेठेत तीस वर्षं रस्ते झाडले. आम्ही तेव्हा नदीकाठच्या वस्तीत राहायचो आणि आई पहाटे चारला उठून चालत जायची. मी आणि भाऊ झोपेत असतानाच ती निघून गेलेली असे. मी स्पर्धा परीक्षा देऊन सरकारी नोकरीत लागले, टेबलामागून टेबल वर सरकत गेले, विश्रांतवाडीत फ्लॅट घेतला, आईला आणलं. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी तिला चारला जाग येते. मी बूट घालत असले की ती पलंगावर बसून बघत राहायची. पहिल्या वर्षी एकदाच म्हणाली, "तुझ्या मागं कोण लागलंय का?" नंतर काही बोलली नाही. पण मी निघायच्या आधी तांब्याभर पाणी कोमट करून ओट्यावर ठेवायला लागली.

माझा रस्ता ठरलेला होता. चौकातून आळंदी रस्त्याला लागायचं आणि दिघीकडे सरळ जायचं. त्या वेळी रस्त्यावर पाण्याचे टँकर, दुधाच्या गाड्या आणि कुत्री. कुत्र्यांची मला भीती वाटायची, म्हणून मी दिव्याखालून पळायची. साधारण दोन किलोमीटरवर एका बंद पडलेल्या पेट्रोल पंपासमोर एक बाई रस्ता झाडत असायच्या. पन्नाशीच्या पुढच्या, बारीक, साडीवर ढगळ नारंगी जाकीट, डोक्याला घट्ट रुमाल. हातात लांब दांड्याचा खराटा. मी जवळ आले की त्या खराटा थांबवायच्या. धूळ खाली बसेपर्यंत तो जमिनीला टेकवून उभ्या राहायच्या आणि मी पुढे गेले की परत सुरू करायच्या.

सुरुवातीला माझ्या ते लक्षातच आलं नाही. लक्षात आल्यावर मी हात वर करायला लागले. त्याही करायच्या. कधी म्हणायच्या, "पळा ताई, पळा. थंडी हाय." एकदा रस्त्याचं काम चालू होतं म्हणून मी थांबून चालत होते, तेव्हा दोन शब्द बोललो. त्यांची हजेरी सहाला लागायची, पण गाड्या वाढायच्या आत मोठा रस्ता उरकावा म्हणून त्या पाचलाच यायच्या. ठेकेदाराकडे कामाला होत्या. घरी एक मुलगी. मी सांगितलं, माझी आईही हेच काम करायची. त्यांनी माझ्या बुटांकडे बघितलं, मग तोंडाकडे, आणि म्हणाल्या, "व्हय?" बाकी काही नाही. त्यांना खरं वाटलं नसावं.

मी घरी आईला सांगितलं की तिथल्या मावशी माझ्यासाठी खराटा थांबवतात. मला ते कौतुकानं सांगायचं होतं. आई म्हणाली, "आम्ही न्हाई कुणासाठी थांबवायचो. ठरलेला तुकडा असायचा. थांबलं की उरकायचं कधी?" थोड्या वेळानं म्हणाली, "तू बाजूनं जात जा की."

मी बाजूनं गेले नाही. पलीकडच्या बाजूला दिवे नव्हते आणि कुत्री होती.

नोव्हेंबरात तक्त्याचा अकरावा आठवडा होता. मंगळवारी टेम्पो रन, म्हणजे ठरलेल्या वेगानं, न थांबता, आठ किलोमीटर. पळताना बोलता येऊ नये इतका वेग. मला तो दोन आठवडे जमत नव्हता, कुठे ना कुठे थांबत होते. सर रविवारी सगळ्यांसमोर म्हणाले होते, "मॅडम, टेम्पोत थांबलात की तो टेम्पो नाही, तो फेरफटका." सगळे हसले, मीही हसले. पण ते मला लागलं होतं. त्या मंगळवारी काहीही झालं तरी थांबायचं नाही असं ठरवूनच मी निघाले. कानात गाणी लावली, एरवी अंधारात लावत नाही. आवाज मोठा ठेवला.

पेट्रोल पंपाशी आले तेव्हा लय लागली होती. पाय हलके होते. मावशी त्या दिवशी उभ्या नव्हत्या. फुटपाथच्या कडेला बसल्या होत्या, खराटा मांडीवर आडवा, पाठ विजेच्या खांबाला. मी जवळ आल्यावर त्यांनी हात वर केला. मी हात वर केला. त्यांचे ओठ हलले. 'पळा ताई' म्हणाल्या असतील असं मी धरलं. मला हसू आलं, मी अंगठा दाखवला आणि पुढे गेले.

एक गोष्ट मी बऱ्याच लोकांपासून लपवली, पण इथे लिहिते. पुढे दहा-पंधरा पावलांवर माझ्या मनात आलं की आज त्या बसल्या का आहेत. आलं, आणि त्याच्या पाठोपाठ आलं की दमल्या असतील, आणि त्याच्या पाठोपाठ घड्याळानं दुसऱ्या किलोमीटरची वेळ दाखवली आणि ती फार चांगली होती. मी मागे वळून बघितलं नाही.

येताना मी त्याच रस्त्यानं आले असते. पण साडेपाचनंतर आळंदी रस्त्यावर गाड्या वाढतात, वेग मोडतो, म्हणून मी कळसच्या बाजूनं आतल्या रस्त्यानं आले. आठ किलोमीटर न थांबता झाले. माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वेळ. मी घड्याळाचा फोटो गटावर टाकला. सरांनी लिहिलं, 'आता खऱ्या अर्थानं तयार.' मी त्या दिवशी ऑफिसला पेढे नेले, कारण विचारल्यावर सांगितलं, असंच.

गुरुवारी तिथे कुणी नव्हतं. शनिवारी हलकं पळायचं होतं म्हणून उशिरा, सहाच्या सुमारास गेले. पंपासमोर दुसरी बाई झाडत होती, तरुण, तोंडाला ओढणी बांधलेली. मी थांबले.

"त्या मावशी दिसत नाहीत."

"गेल्या की."

"बदली झाली?"

तिनं खराटा थांबवला नाही. "गेल्या म्हंजी गेल्या. मंगळवारी. हितंच बसल्या होत्या. दूधवाल्यानं बघितलं सहाला, रिक्षात घालून नेलं. दवाखान्यात पोचल्यावर दहा वाजता गेल्या. हार्ट होतं."

मी तिथून चालत घरी आले. दोन किलोमीटर चालायला किती वेळ लागतो ते मला त्या दिवशी कळलं. आई बाल्कनीत होती. मला चालत येताना तिनं वरून बघितलं असणार, कारण दार उघडताना तिनं विचारलं, "पाय मुरगळला?"

मी स्वयंपाकघरात उभी राहून तिला सांगितलं. नवरा आणि मुलगा झोपले होते. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हात कसा केला होता तिनं?"

"कसा म्हणजे? वर."

"करून दाखव."

मी हात वर करून दाखवला. आई म्हणाली, "तसा न्हाई. तिनं केला तसा कर. वर गेला आणि खाली आला का वरच राहिला?"

मी आठवलं. हात वरच होता. मी पुढे जाईपर्यंत तो वर होता. मी तसा करून दाखवला, आणि माझा हात हवेत तसाच असताना आई म्हणाली, "तो रामराम न्हाई, बाई." मग ती खुर्चीवर बसली.

त्या दुपारी तिनं मला एक गोष्ट सांगितली, जी इतक्या वर्षांत कधी सांगितली नव्हती. मी दोन वर्षांची असताना तिला तापात कामावर जावं लागलं होतं. शनिवार पेठेत एका घराच्या पायरीवर ती बसली, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. सकाळी फिरायला निघालेले दोघं गृहस्थ समोरून गेले, त्यांनी बघितलं आणि आवाज खाली आणून बोलत पुढे गेले. मग त्या घरातल्या बाई रांगोळीचा डबा घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अहो, जरा पुढे बसता का? मला इथे रांगोळी काढायची आहे." आई उठली आणि पुढच्या घराच्या पायरीवर जाऊन बसली.

"तुला राग नाही आला?" मी विचारलं.

"ताप होता," आई म्हणाली. "राग नंतर आला. रिटायर झाल्यावर."

मी वाट बघत होते की यानंतर ती मला काही म्हणेल. ती म्हणाली, "तिच्या घरी जाऊन ये. मी पण येते."

नव्या सफाईवाल्या बाईकडून पत्ता मिळाला. दिघीच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याला, पत्र्याच्या खोल्यांची रांग. दहावा होऊन गेला होता. मुलगी पंचवीस-सव्वीस वर्षांची, एका कपड्यांच्या दुकानात कामाला. दारातच कपडे धूत होती. मी सांगितलं की मी तुमच्या आईंना ओळखायची, सकाळी पळताना भेट व्हायची. तिनं हात पुसले.

"तुम्ही त्या पळणाऱ्या ताई? आई सांगायची. म्हणायची, एक ताई हाय, तिची आई पण झाडायची." तिनं माझ्या आईकडे बघितलं. "ह्याच का?"

म्हणजे मावशींना ते खरं वाटलं होतं.

आम्ही आत बसलो. मुलगी सांगत होती, डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा विचारलं, कधीपासून होतंय, त्रास कधी सुरू झाला. "मी दुकानाला जायच्या गडबडीत. दूधवाल्याला काय माहीत. कुणाला सांगताच येईना. डॉक्टर म्हणाले, वेळ कळली असती तर काय द्यायचं ते ठरवता आलं असतं."

मला वेळ माहीत होती. ती माझ्या मनगटावर होती. मी पदर सावरायच्या निमित्तानं हात खाली घेतला आणि विचारलं, "कागदपत्रांचं काही झालं का?"

काही झालं नव्हतं. मृत्यूचा दाखला, बँकेचं खातं, भविष्यनिधीचा अर्ज, सगळं तसंच पडलं होतं. मला हे सगळं येतं, माझी नोकरीच त्यात गेली. मी म्हणाले, मी करून देते. पुढच्या तीन रविवारी मी पळायला न जाता तिच्याकडे गेले. अर्ज भरले, झेरॉक्स लावल्या, माझ्या ओळखीनं दोन सह्या घेतल्या. आई दर वेळी माझ्याबरोबर यायची आणि दाराशी स्टुलावर बसायची. तिसऱ्या रविवारी मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "ताई, माझी सख्खी मावशी आली नाही पण तुम्ही आलात."

आईनं माझ्याकडे बघितलं. मी फाइल बंद केली.

"मला तुला एक सांगायचंय," मी म्हणाले.

मुलगी स्टोव्हवर चहा ठेवत होती. मी सांगितलं. मंगळवार, पंपासमोर, खांबाला टेकून बसल्या होत्या, हात वर केला, मी थांबले नाही.

तिनं वळून बघितलं नाही. विचारलं, "किती वाजले होते?"

"पाच सतरा."

"काय म्हणाली ती?"

"ऐकू आलं नाही. कानात गाणी होती."

"कुठलं गाणं?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण ती थांबली होती, चहाचा चमचा हातात धरून. मी गाणं सांगितलं. तिनं मान हलवली, माहीत असलेलं गाणं आहे अशी. मग चहा उकळू दिला, गाळला, आमच्यापुढे ठेवला. आम्ही तो प्यायलो. निघताना ती माझ्याशी नाही, आईशी बोलली. "आजी, पायरी मोडलीय, जपून."

त्यानंतर तिनं माझा फोन उचलला नाही. मी चार वेळा केला, मग थांबले.

शर्यत मी पळाले. लोकांना वाटतं, अशा वेळी माणूस सोडून देतो. मी दोन आठवडे सोडलंही होतं. पण मग एका पहाटे जाग आली तेव्हा ओट्यावर पाणी कोमट करून ठेवलेलं होतं. मी आईला विचारलं, "जाऊ?" ती म्हणाली, "जा न्हाईतर न जा. त्यानं तिला काय होणार हाय?" मी पळाले. वेगळ्या रस्त्यानं, गाण्यांशिवाय. शर्यतीत तिसाव्या किलोमीटरला पायात गोळे आले. तिथून मी चालत, पळत, चालत गेले आणि पाच तासांच्या वर काही मिनिटांनी पोचले. पोचल्यावर लोक रडतात, मी बघितलं होतं. मला काहीच वाटलं नाही. पायाची दोन नखं गेली. पदक मुलानं कपाटात ठेवलं.

जानेवारीच्या शेवटी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन आला.

"मी बोलतेय. तुम्ही आईला पाहिलं होतं, ते लिहून द्याल का?"

आधी मला कळलं नाही. मग तिनं एकेक करून सांगितलं. ठेकेदार म्हणत होता की त्या दिवशी तिची आई कामावर नव्हतीच. हजेरी सहाला लागते आणि सहाच्या वहीत तिची सही नाही. ती रस्त्यावर कशाला गेली होती ते आम्हाला माहीत नाही, असं त्यानं लेखी दिलं होतं. कामावर असताना मृत्यू झाला हे भरपाईसाठी मान्य व्हायचं तर तिला कुणीतरी काम करताना बघितलेलं पाहिजे होतं. दूधवाल्यानं फक्त पडलेली बघितली होती. तीही सहानंतर.

"माझी आई तिथं फिरायला गेली नव्हती," ती म्हणाली. तिचा आवाज तोपर्यंत कोरडा होता, तिथे हलला. "एवढंच कागदावर पाहिजे."

"मी देते," मी म्हणाले.

"सगळं लिहावं लागेल. वकील म्हणाले, अर्धं लिहिलं तर ते धरतील."

शिवाजीनगरला कोर्टाबाहेर झाडाखाली टायपिंगवाले बसतात, त्यांच्यातल्या एकाकडे मी गेले. मुलगी आधीच येऊन थांबली होती. वकिलांनी मुद्दे कागदावर लिहून दिले होते. टायपिंगवाले साठीचे, चष्मा नाकावर. मी सांगत गेले, ते टाइप करत गेले. माझं नाव, हुद्दा, पत्ता. मी नियमितपणे पहाटे सदर रस्त्याने धावण्याच्या सरावासाठी जाते. सदर महिला मला सुमारे एक वर्षापासून तेथे रस्ता झाडताना दिसत असत. त्या दिवशी पाच वाजून सतरा मिनिटांनी त्या सफाईच्या जाकिटात, खराट्यासह, फुटपाथवर बसलेल्या दिसल्या. घड्याळातली नोंद मी छापून आणली होती, ती जोडली. त्या नोंदीत दर काही सेकंदांचा वेग दिसतो. पंपासमोर वेग कमी झालेला नाही. थोडा वाढलाय.

"त्यांनी हात वर केला," मी म्हणाले.

"कशासाठी?" टायपिंगवाल्यांनी विचारलं.

"मदतीसाठी."

"हे तुम्हाला तेव्हाच कळलं?"

"नाही. नंतर."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मग तसं लिहू या. 'मदतीसाठी हात वर केला असावा असे मला नंतर लक्षात आले.' पुढे? तुम्ही थांबलात?"

मुलगी शेजारच्या बाकावर बसली होती. रस्त्याकडे बघत होती.

"नाही," मी म्हणाले.

"'मी थांबले नाही,'" ते टाइप करता करता मोठ्यानं म्हणाले. "कारण लिहायचं?"

मी विचार केला. टेम्पो, सर, तक्ता, दुसऱ्या किलोमीटरची वेळ. "नको," मी म्हणाले. "कारण नाही."

त्यांनी सगळं एकदा वाचून दाखवलं, एकसुरी आवाजात, जसं ते घरभाड्याचा करार वाचत असतील. शेजारी एक जण उभा राहून ऐकत होता. मी सही केली. मग नोटरीकडे जाऊन शिक्का घेतला. मुलीनं कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातले आणि पिशवी दोनदा गुंडाळली. मी म्हणाले, रिक्षानं सोडते. ती म्हणाली, "बस आहे मला." बसथांब्याकडे जाताना तिनं एकदा मागे बघितलं. मला वाटलं ती काही विसरली, पण ती पलीकडून येणाऱ्या गाड्या बघत होती.

मार्चमध्ये मला कामगार आयुक्तांच्या कार्यालयात सुनावणीला बोलावणं आलं. ठेकेदाराच्या माणसानं मला विचारलं की अंधारात, वेगानं पळताना, मी खराटा कसा ओळखला. मी म्हणाले, मी तो लहानपणापासून ओळखते. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी तेवढं लिहून घेतलं. मग त्यानं विचारलं, "बाई बसलेल्या होत्या म्हणता. म्हणजे काम करत नव्हत्या." मुलीच्या वकिलांनी काहीतरी हरकत घेतली आणि पुढचा प्रश्न झाला. बाहेर आल्यावर मी जिन्यात बराच वेळ उभी होते.

ऑफिसात हे कळलं. अशा गोष्टी कळतात. कुणी तोंडावर काही बोललं नाही. एका सहकारी बाईंनी मात्र चहा घेताना अगदी सहज विचारलं, "काय हो, अजून पळता का?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "छान. तब्येतीला चांगलं असतं."

सरांना मी स्वतःच सांगितलं. ते म्हणाले, "त्या रविवारी मी तसं बोलायला नको होतं." मी म्हणाले, तुम्ही मला थांबू नका म्हणाला होतात, बघू नका नव्हतात म्हणाला. ते मला धीर द्यायला बघत होते आणि मी त्यांना तो देऊ दिला नाही. त्यांच्याबद्दल मला नंतर वाईट वाटलं. गट मी सोडला नाही, पण रविवारी आता मागे पळते.

निकाल पावसाळ्यात लागला. मला तो तिच्या एका ओळीच्या मेसेजवरून कळला. संध्याकाळची वेळ होती, मी भाजी घेऊन नुकतीच आले होते. 'आई कामावर होती असं मान्य झालं.' त्याखाली काही नाही. मी उत्तरात बरंच लिहिलं, खोडलं, परत लिहिलं, आणि शेवटी 'बरं झालं' एवढंच पाठवलं. दोन निळ्या खुणा आल्या.

आई जमिनीवर पेपर पसरून मेथी निवडत होती.

"कुणाचं काय आलं?" तिनं विचारलं.

"तिचं. मान्य झालं म्हणाली."

"मग बरं झालं. अजून काय म्हणाली?"

"अजून काही नाही."

आईनं मान हलवली आणि दुसरी जुडी सोडली. मी तिच्यासमोर बसले आणि निवडायला लागले.